पुलियातली जुनी मासेरिया आणि तिची १२ हेक्टर जमीन : सही करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिलानमध्ये नोकरीच्या परवान्यावर राहणारे एक मराठी गृहस्थ, पत्नी सध्या पुण्यात. दक्षिण इटलीत पुलियामध्ये, ऑस्तुनी गावाजवळ, सतराव्या शतकातली एक मासेरिया, म्हणजे तटबंदी असलेला शेतवाडा, विक्रीला निघाला आहे. सुमारे ६०० चौरस मीटर दगडी बांधकाम, बुरूज, छोटं चर्च, खडकात खोदलेला भूमिगत तेलघाणा, आणि सभोवती १२ हेक्टर जमीन, बहुतेक जुन्या ऑलिव्हची. मागणी साडेनऊ लाख युरो. दलालाचं म्हणणं, कागद स्वच्छ आहेत, याच आठवड्यात खरेदीच्या प्रस्तावावर सही करा आणि १०,००० युरोंचा चेक द्या. द्यावा का?

त्या मसुद्यावर देऊ नका. इटलीत ‘प्रोपोस्ता दाक्विस्तो’ हा नुसता रस दाखवणारा कागद नसतो. मालकाने तो स्वीकारला आणि स्वीकारल्याचं तुम्हाला कळलं की करार झाला. चेकला ‘कापार्रा’, म्हणजे इसार, म्हटलेलं असेल तर इटालियन दिवाणी संहितेचं कलम १३८५ लागू होतं : तुम्ही मागे हटलात तर इसार बुडाला, मालक हटला तर त्याने दुप्पट परत करायचा. प्रस्ताव द्यायचाच असेल तर त्यात अटी स्पष्ट लिहून घ्या. शेतजमिनीवर कुणी अग्रहक्क बजावला तर रक्कम परत, बांधकामाच्या कागदांत बेकायदा भाग निघाला तर रक्कम परत, पाण्याचा हक्क सिद्ध झाला नाही तर रक्कम परत. दलाल कुरकुर करेल. करू द्या.

अशा मिळकतीत मन वाड्यावर बसतं आणि घोटाळे जमिनीत निघतात. भिंतीला तडा असेल तर तो पैसे टाकून भरता येतो. शेजाऱ्याचा हक्क, तोंडी कूळ किंवा सरकारी मालकीचा जमिनीचा पट्टा पैशाने मिटत नाही. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा : आधी जमिनीचा दर्जा, मग पाणी, मग झाडं, आणि शेवटी भिंती.

जमीन कोण कसतं?

बारा हेक्टर म्हणजे जवळपास तीस एकर. एवढी जमीन पडीक नसेल, तर कुणीतरी ती नांगरतं, छाटतं, फळ काढतं. तो माणूस कोण आणि कुठल्या नात्याने येतो, हा पहिला प्रश्न. मालक म्हणेल, “तो आमचा ओळखीचा आहे, झाडं सांभाळतो आणि तेल वाटून घेतो.” हे ऐकलं की थांबा. १९८२ च्या २०३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याचा शेतभाडेकरार कमीत कमी १५ वर्षांचा धरला जातो आणि तो तोंडी असला तरी चालतो. कमी मुदतीचा करार करायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या शेतकरी संघटनांच्या साक्षीने, त्याच कायद्याच्या कलम ४५ खाली, लेखी करावा लागतो. जमीन विकली म्हणून हा करार संपत नाही. खरेदीखत तुमच्या नावाने होईल आणि शेत त्याच्याच ताब्यात राहील. कूळकायद्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

तपास असा करा. ‘फाशिकोलो आझिएंदाले’ मागा. ही त्या शेताची कृषी नोंदवही, कृषी सहाय्य केंद्रातून काढता येते. युरोपीय अनुदान कुणाच्या नावाने जातं ते तिथे दिसतं. मालक ‘मीच कसतो’ म्हणत असेल आणि अनुदान भलत्याच्या नावावर असेल तर उत्तर मिळालं. अनुदानाचे हक्क जमिनीबरोबर आपोआप येत नाहीत, हेही इथेच लक्षात घ्या. ते हवे असतील तर करारात वेगळं कलम लिहून हस्तांतरित करून घ्यावे लागतात.

आता अग्रहक्क. यावर थोडं थांबायला हवं, कारण परदेशी खरेदीदार सगळ्यात जास्त इथे फसतात. १९६५ चा ५९० क्रमांकाचा आणि १९७१ चा ८१७ क्रमांकाचा, असे दोन कायदे आहेत. पहिल्याप्रमाणे, दोन वर्षं किंवा जास्त ती जमीन भाड्याने कसणाऱ्या शेतकऱ्याला त्याच किमतीत ती आधी घेण्याचा हक्क. दुसऱ्याप्रमाणे, जमिनीवर असा भाडेकरी नसेल तर बांधाला बांध लागून असलेल्या, स्वतः कसणाऱ्या जमीनमालकाला तो हक्क. २०१६ पासून व्यावसायिक कृषी उद्योजक म्हणून नोंद असलेल्या शेजाऱ्यालाही तो मिळाला आहे. विकणाऱ्याने साठेखताची प्रत नोंदणीकृत टपालाने या प्रत्येकाला पाठवायची. त्यांना विचार करायला ३० दिवस. ‘घेतो’ म्हणाले तर पैसे भरायला साधारण तीन महिने.

पत्र पाठवलंच नाही तर? खरेदी रद्द होत नाही, पण खरेदीची नोंद झाल्यापासून एक वर्ष तो शेजारी तुमच्याकडून ती जमीन सोडवून घेऊ शकतो, आणि तीही खतात लिहिलेल्या किमतीत. म्हणून ‘किंमत थोडी कमी दाखवू, कर वाचेल’ हा सल्ला इथे दुप्पट घातक आहे. बेकायदा तर तो आहेच, शिवाय शेजारी कमी दाखवलेल्या त्याच आकड्यावर जमीन उचलून नेतो आणि रोख दिलेली तफावत कायमची जाते.

हे टाळायचं तर तीन गोष्टी करा. एक, ‘जेओमेत्रा’, म्हणजे मोजणी आणि बांधकाम-कागद पाहणारा तंत्रज्ञ, त्याच्याकडून नकाशावर सगळ्या लगतच्या तुकड्यांच्या मालकांची यादी करून घ्या. मध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर साधारणपणे लगतपणा तुटतो. खाजगी पायवाट असेल तर तो तुटला असं धरून चालू नका. दोन, साठेखतात वाड्याची किंमत वेगळी आणि शेतजमिनीची वेगळी, तुकड्यावार, लिहा. सगळं एकाच रकमेत बांधलं की हक्क नेमका कशावर आणि किती युरोंवर, याचा वाद न्यायालयात जातो. तीन, ‘मला नको’ असं शेजारी चौकात सांगतो, त्याला किंमत नाही. रीतसर पत्र मिळाल्यानंतरचा त्याचा लेखी नकार, किंवा ३० दिवस उलटल्याचा पुरावा, हे दोनच ग्राह्य धरा.

जमिनीच्या दर्जाचे बाकीचे कागद पटकन सांगतो. नगरपालिकेकडून ‘सीडीयू’, म्हणजे जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते याचा दाखला. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीसाठी तो नसेल तर खरेदीखतच अवैध ठरतं. तो वर्षभर चालतो, मध्ये नियोजन बदललं नसेल तर. पुलियात आणखी दोन चौकश्या वेगळ्या कराव्या लागतात. पहिली ‘ऊझी चिविची’ची, म्हणजे गावाच्या सामाईक हक्काच्या जमिनीची. १९२७ च्या कायद्यापासून या जमिनी विकता येत नाहीत, आणि वहिवाटीने कुणाच्या होतही नाहीत. दुसरी ‘त्रात्तूरीं’ची. मेंढ्यांचे कळप हिवाळ्यात डोंगरातून सपाटीवर आणण्याच्या या शाही वाटा मूळच्या तब्बल १११ मीटर रुंद होत्या आणि आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत. एखाद्या मासेरियाच्या शेताचा लांबच लांब पट्टा प्रत्यक्षात त्रात्तूरोवर असतो. तिथे उभी झाडं मालकाची वाटतात, जमीन मात्र त्याची नसते. शिवाय, २००० च्या ३५३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे वणव्यात जळालेल्या जंगल आणि कुरणांवर १५ वर्षं वापर बदलता येत नाही, आणि त्या मुदतीतल्या खरेदीखतात या बंधनाचा उल्लेख नसेल तर खत अवैध. शेतात झुडपी जंगलाचा तुकडा असेल तर नगरपालिकेची जळीत-नोंद पाहायलाच हवी.

मालकी पाहताना एक गल्लत सगळे करतात. ‘कातास्तो’ ही करासाठीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सातबाऱ्यावर नाव असणं आणि हक्क सिद्ध असणं यातला फरक ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल. मालकी स्थावर नोंदणी कार्यालयातल्या खतांवरून ठरते आणि नोतायो, म्हणजे खरेदीखत करणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, मागच्या २० वर्षांची साखळी तपासतो. जुन्या मासेरिया बहुधा तीन-चार भावंडांच्या आणि त्यांच्या मुलांच्या सामाईक असतात. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसा-पत्रक दाखल झालेलं असतं, पण वारसा ‘स्वीकारल्याची’ नोंद राहून गेलेली असते. साखळी तिथे तुटते. ती नोंद खरेदीआधी, विकणाऱ्याच्या खर्चाने, करून घ्यायची. अर्जेंटिनात राहणाऱ्या चुलतभावाची सही हवी असेल तर त्यात महिने जातात. दलालाच्या ‘याच आठवड्यात’ला इथेच उत्तर मिळतं.

वारसा-वास्तूचं बंधन

सतराव्या शतकातली इमारत म्हणजे आपोआप संरक्षित, असं नाही. खाजगी मालकाच्या वाड्याला संरक्षण लागू होतं ते सांस्कृतिक मंत्रालयाने तसा आदेश काढला असेल तर. तो आदेश नोंदणी कार्यालयात नोंदलेला असतो. मालकी चर्चच्या संस्थेची किंवा सरकारी मंडळाची असेल आणि बांधकाम ७० वर्षांहून जुनं असेल, तर मात्र तपासणीत तसं नाही असं ठरेपर्यंत ते संरक्षितच मानलं जातं.

आदेश असेल तर २००४ च्या ४२ क्रमांकाच्या संहितेप्रमाणे वेळापत्रक बदलतं. खरेदीखत होतं, पण अटीवर. त्यानंतर ३० दिवसांत मंत्रालयाला सूचना द्यायची. सूचना पोचल्यापासून ६० दिवस सरकारला त्याच किमतीत वास्तू घेण्याचा हक्क आहे. या काळात विकणाऱ्याला ताबा देता येत नाही. सूचना दिलीच नाही किंवा उशिरा दिली, तर ही मुदत १८० दिवसांची होते. सरकार क्वचितच घेतं, पण तुमचे साडेनऊ लाख युरो दोन महिने कुणाच्या खात्यात असतील हा खरा मुद्दा आहे. २०१७ पासून खरेदीदार नोतायोकडे मागणी करू शकतो की रक्कम त्याच्या वेगळ्या राखीव खात्यात ठेवावी आणि अट पूर्ण झाल्यावरच विकणाऱ्याला द्यावी. ही मागणी आवर्जून करा.

संरक्षित वास्तूत खिडकीची चौकट बदलायलाही ‘सोप्रिंतेंदेंझा’ची, म्हणजे वारसा खात्याच्या प्रादेशिक कार्यालयाची, आधी परवानगी लागते. मोबदला म्हणून स्थावर करात करपात्र मूल्य निम्मं होतं. वाडा संरक्षित नसला तरी परिसर असू शकतो. पुलियाचा भूदृश्य आराखडा २०१५ चा आहे आणि ऑस्तुनी ते मोनोपोली हा जुन्या ऑलिव्हचा पट्टा त्यात जपण्याजोगा म्हणून आहे. पोहण्याचा तलाव खोदायचं मनात असेल तर परवानगी मिळेल का, हे खरेदीआधी लेखी विचारून घ्या.

चर्चबद्दल एक बारीक गोष्ट. त्यात गावासाठी अजून मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होत असेल, तर दिवाणी संहितेच्या कलम ८३१ प्रमाणे, मालकी खाजगी असली तरी, आणि विक्री झाली तरी, उपासनेचा वापर सुटत नाही. धर्मप्रांताच्या कार्यालयातून उपासना रीतसर संपल्याचं पत्र आहे का ते विचारा. तिथे पाहुण्यांची खोली करायचा बेत असेल तर या पत्रावाचून सगळंच अडतं.

बांधकामाचे कागद

जुनी बांधकामं १ सप्टेंबर १९६७ पूर्वीची असतील तर तसं निवेदन खतात पुरतं, पण त्यानंतर केलेल्या प्रत्येक भरीला परवानगी हवी. मासेरियात ही भर ओळखू येते : अंगणातली सिमेंट ब्लॉकची न्हाणीघरं, गोठ्यावर चढवलेला पत्रा, तेलघाण्याशेजारची मोटारशेड. १९८५, १९९४ आणि २००३ मध्ये दंड भरून नियमित करण्याच्या योजना आल्या होत्या. अर्ज केला पण अंतिम आदेश कधी निघालाच नाही, अशी घोंगडी भिजत पडलेली सापडतात. अर्जाची पावती म्हणजे परवानगी नव्हे. शिवाय कातास्तोतला नकाशा प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नसेल तर खत अवैध ठरतं. भूमिगत घाणा तर बहुतेकदा नकाशावर नसतोच.

आणि दलाल सांगेल, ‘बारा हेक्टर आहे, आणखी बांधता येईल.’ शेतीपट्ट्यात निवासी बांधकामाची राष्ट्रीय मर्यादा १९६८ पासून दर चौरस मीटर जमिनीला ०.०३ घनमीटर आहे. एका हेक्टरला ३०० घनमीटर, म्हणजे तीन मीटर उंचीचं जेमतेम १०० चौरस मीटरचं घर. बारा हेक्टरला कागदावर ३,६०० घनमीटर होतात, पण उभा वाडा त्यातून वजा होऊ शकतो, आणि पूर्वीच्या मालकाने याच जमिनीची क्षमता दुसरीकडच्या बांधकामासाठी बांधून दिलेली असू शकते. तो बांधील-करार नोंदणी कार्यालयात सापडतो. जेओमेत्राला हे नाव घेऊन शोधायला सांगा, नाहीतर तो शोधणार नाही.

पाणी

पुलियाचा खडक चुनखडीचा, पोकळ. पाऊस पडतो तो खाली झिरपून जातो, वर नद्या जवळपास नाहीतच. म्हणूनच १९०६ मध्ये डोंगरापलीकडच्या कापोसेले गावच्या सेले नदीच्या झऱ्यातून जलवाहिनी आणायचं काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये पाणी बारीला पोचलं. पण रानातल्या कित्येक मासेरियांना ती जोडणी आजही नाही. नळ आहे का, हे पाहू नका, पाण्याचं बिल मागा.

जोडणी नसेल तर मूळ रचना कामाला येते : गच्चीवर पडणारं पाणी दगडी पन्हळींतून अंगणाखालच्या टाकीत. हिशोब सोपा आहे. ४०० चौरस मीटर गच्ची, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे २४० घनमीटर. बाष्पीभवन आणि पहिल्या सरीचं सोडून दिलेलं घाण पाणी यात पाचवा हिस्सा गेला तरी १९० घनमीटर उरतं. चार माणसांच्या घराला हे पुरतं, बाराजणांच्या पाहुणेघराला आणि तलावाला नाही. टाकीला आतून विटेच्या चुऱ्याचा चुनागिलावा असतो. ओळंबा सोडून पाण्याची पातळी खडूने खुणेवर टिपा आणि आठवड्याने, पाऊस किंवा उपसा झाला नसेल तर, पुन्हा मोजा. पातळी खाली गेली तर गिलावा फुटला आहे.

बोअर असेल तर तो नोंदलेला आहे का, आणि घरगुती वापरासाठी की सिंचनासाठी, हे पाहा. सिंचनाला वेगळी सरकारी परवानगी लागते आणि तिला मुदत असते. किनाऱ्याजवळ दुसरं दुखणं खारेपणाचं. उपसा वाढला की समुद्राचं पाणी खडकातून आत सरकतं. नमुना हिवाळ्यात घेतलात तर पाणी गोड लागेल. ऑगस्टअखेर, पंप तासभर चालवून, मग घ्या आणि विद्युतवाहकता मोजून घ्या. ऑलिव्ह थोडं खारं पाणी सोसतं, भाजीपाला आणि संत्री सोसत नाहीत.

झाडं

ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिणेला गल्लीपोलीजवळ ऑलिव्हमध्ये झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. तो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो. पसरतो तो थुंकीकिड्यामुळे, ज्याची पिल्लं वसंतात गवतावर फेसाच्या थेंबात बसलेली दिसतात. तिथून तो उत्तरेला सरकत ऑस्तुनीपर्यंत आलेला आहे. त्यामुळे जमीन आजच्या घडीला कुठल्या पट्ट्यात येते, हे प्रदेश सरकारच्या ताज्या नकाशावर तुकड्याच्या क्रमांकाने पाहायचं. नकाशे बदलत राहतात, दलालाच्या फाईलमधला जुना असेल. रोगाच्या समूळ निर्मूलनाचे नियम लागू असलेल्या पट्ट्यात एखादं झाड बाधित निघालं तर ते तर काढावंच लागतं, शिवाय युरोपीय नियमाप्रमाणे भोवतालच्या ५० मीटरमधली रोगाला बळी पडणारी झाडंही.

झाड पाहायचं ते शेंड्यापासून. पानाच्या टोकाकडून आत येणारी तपकिरी करपलेली कड, उंच फांद्यांची टोकं इथे-तिथे वाळलेली, आणि बुंध्याला मात्र हिरवेगार फुटवे : अशी जोडी दिसली तर संशय पक्का. दुष्काळात वाळण झाडभर सारखी असते, इथे ती फांदीफांदीने येते. पण रोग शिरल्यावर वर्ष-वर्ष लक्षणं दिसत नाहीत. म्हणून हिरव्या झाडांचेही नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि ‘या तारखेला घेतलेले नमुने निर्दोष’ ही साठेखतातली अट करा. ओल्यारोला सालेंतिना आणि चेल्लीना दी नार्दो या जुन्या स्थानिक जाती फार लवकर बळी पडतात. लेच्चीनो आणि एफएस-१७ या जाती तग धरतात. नव्या लागवडीचा खर्च धरायचा तर त्याच जातींचा धरा. नवं झाड पुरतं फळायला काही वर्षं जातात, हेही हिशोबात घ्या.

जुन्या झाडांवर पुलियाचा २००७ चा १४ क्रमांकाचा कायदा आहे. जमिनीपासून १३० सेंटिमीटर उंचीवर बुंध्याचा व्यास १०० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ते झाड ‘स्मारकवृक्ष’. पिळदार, कोरीव दिसणाऱ्या बुंध्याला ७० सेंटिमीटरपासूनही हा दर्जा मिळू शकतो. ते तोडता येत नाही, मर्जीने हलवताही येत नाही. टेप घेऊन जा आणि तलावाच्या, गाडीवाटेच्या जागेतली झाडं आधी मोजा.

उत्पन्नाबद्दल स्पष्ट बोलतो. जुन्या बागेत हेक्टरी ६० झाडं धरली तर १२ हेक्टरला ७२०. चांगल्या वर्षी झाडाला सरासरी ४० किलो फळ आणि १५ टक्के उतारा धरला तर साधारण सव्वाचार टन तेल. पुढच्या वर्षी ते निम्म्याखाली येऊ शकतं, कारण ऑलिव्ह एक आड एक वर्ष भरून येतं. अवाढव्य पोकळ बुंध्यांना खोड हलवणारं मोठं यंत्र लावता येत नाही, मग हातातल्या कंपनयंत्रांनी माणसं लावून झोडावं लागतं, आणि मजुरीत तेलाच्या किमतीचा मोठा भाग जातो. आजच्या बाजारात या बागेचं तेल विकलं जातं ते नावावर आणि चवीवर, वजनावर नाही. फळ काढल्यापासून २४ तासांत घाण्यावर गेलं पाहिजे. वसंतात गवत नांगरून किंवा कापून थुंकीकिड्याची पिल्लं मारणं मालकावर बंधनकारक आहे, दुर्लक्ष केलं तर दंड. तुम्ही मिलानमध्ये असाल तर मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर कोण घालणार, ते आधीच ठरवा.

भिंती, छत आणि घाणा

भिंती मीटरभर जाड, पण एकसंध नव्हेत : बाहेर-आत दोन दगडी थर आणि मध्ये माती-चुरा भरलेला. वरून पाणी शिरलं की चुरा वाहून जातो आणि बाहेरचा थर फुगतो. भिंतीला दोरी लावून पोट सुटलंय का पाहा. तळाशी दीड मीटरपर्यंत सिमेंटचा गिलावा असेल तर ओल लपवायला केलेला आहे. सिमेंट श्वास रोखतं, ओल आणखी वर चढते, मीठ सुटून मऊ कॅल्केरेनाइट दगड पिठासारखा गळतो. तो गिलावा काढून, भिंत एक उन्हाळा सुकवून, नैसर्गिक जलीय चुन्याने करावा लागतो.

खोल्यांवर ताऱ्याच्या आकाराची कमान-छतं असतात, भार चार कोपऱ्यांवर येणारी. कमानीच्या माथ्यावरची बारीक, जुनी, धुळीने भरलेली रेघ फारशी गंभीर नाही. कोपऱ्यातून निघून आडवी भिंतीत उतरणारी, कडा ताज्या पांढऱ्या असलेली भेग म्हणजे भिंत बाहेर सरकते आहे. लोखंडी ताण-सळ्या बसवाव्या लागतील. मग गच्चीवर जा. तिथे चपट्या चुनखडी फरश्या उताराने लावलेल्या असतात आणि सांधे चुन्याने भरलेले. सांध्यातून केपरची झुडपं उगवली असतील तर मुळं आत गेली आहेत. फरश्यांवर कुणी सिमेंट काँक्रीटचा थर ओतला असेल तर छतावर टनावारी जादा वजन आलं, आणि ते सुरक्षित उतरवायचं काम महाग आहे. तो थर किती जाड आहे हे पन्हळीच्या तोंडाशी दिसतं.

घाणा जमिनीखाली असण्याला कारण होतं : खडकाची ऊब हिवाळ्यातही तेल पातळ ठेवायची. इथलं तेल बरंचसं दिव्यांसाठी होतं, गल्लीपोली बंदरातून युरोपभर जायचं. दगडी चक्की आणि दाबयंत्रांचे खोबणे शाबूत असतील तर ते जपायचे. पण छत अखंड खडकाचं आहे की वर ट्रॅक्टर जातो तो पातळ थर, हे भूगर्भतज्ज्ञाकडून पाहून घ्या. खोदलेली पोकळी बहुधा नकाशाहून मोठी निघते.

पूर्ण दुरुस्तीला चौरस मीटरला साधारण १,५०० ते २,५०० युरो धरून चला. ६०० चौरस मीटरला हा आकडा मागणीच्या किमतीइतका, कधी वरही जातो. किमतीची घासाघीस याच कागदावर करा.

कर, परवाने आणि पुण्याकडची बाजू

शेतजमिनीवर, तुम्ही नोंदणीकृत शेतकरी नसाल तर, १५ टक्के नोंदणी कर. जमिनीचे अडीच लाख धरले तर ३७,५०० युरो. घरावर दुसरं घर म्हणून ९ टक्के, खरंखुरं पहिलं निवासस्थान असेल तर २ टक्के. घराचा कर बाजारभावाऐवजी कातास्तोच्या मूल्यावर मोजायची सोय फक्त निवासी नोंद असलेल्या भागाला मिळते, शेतीची इमारत किंवा पडकं म्हणून नोंदलेल्या भागाला नाही. नोंद काय आहे यावर काही हजार युरो इकडचे तिकडे होतात. पाहुणेघर ‘आग्रितुरिझ्मो’ म्हणून चालवायचं असेल तर आधी शेती खरी असावी लागते, पाहुण्यांचं उत्पन्न तिला पूरक. निव्वळ खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर तो रस्ता तुमचा नाही.

परकीय नागरिकाला इटलीत मालमत्ता घेता येते का, हे परस्परतेवर ठरतं, म्हणजे त्याच्या देशात इटालियन माणसाला तशी मुभा आहे का यावर. भारतात परदेशी नागरिकाला शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न उगाच नाही. तुमच्याकडे नोकरीचा वैध परवाना आहे, तुम्हाला ही तपासणी लागत नाही. पुण्यात असलेल्या पत्नीचं नाव घालायचं असेल तर नोतायोला पहिल्याच भेटीत विचारा. विवाहाचा दाखला अपोस्तिल, म्हणजे परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, आणि भाषांतरासह लागेल, कारण पती-पत्नीची मालमत्ता सामाईक की स्वतंत्र हे खतात लिहावं लागतं. इटालियन पुरेसं येत नसेल तर खत दोन भाषांत करावं लागतं. आणि वाडा घेतल्याने कुणालाही राहण्याचा परवाना मिळत नाही.

पैसे भारतातून येणार असतील तर निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेत आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर ती रोकड अडकते. साठेखत मार्चमध्ये आणि खत एप्रिलनंतर ठेवलं तर दोन आर्थिक वर्षांची मर्यादा वापरता येते. पत्नी भारतात निवासी असून सहमालक झाली, तर दरवर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही मासेरिया दाखवावी लागेल, न दाखवल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता दलालाला एवढंच कळवा : फाशिकोलो आझिएंदाले, ताजा सीडीयू, वीस वर्षांची खतं, १९६७ नंतरच्या परवानग्या, बोअरचा कागद आणि लगतच्या मालकांची यादी पाठवा. ती आल्यावर तुमच्या नोतायोने लिहिलेला, अटींचा प्रस्ताव जाईल. नोतायो खरेदीदाराने निवडायचा असतो आणि पैसेही तोच देतो, तेव्हा दलालाने सुचवलेला घेऊ नका.